तगर आणि पाश्चात्त्य द्राक्षमद्य

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भूमध्य समुद्राच्या परिसरातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या मालात द्राक्षमद्याला महत्त्वाचे स्थान होते. याच व्यापारात दख्खनच्या पठारावरील तगर हे नगर सुती कापडाचे मोठे पुरवठा-केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले. तगर म्हणजे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील, तेरणा नदीच्या काठी वसलेले आजचे तेर हे गाव होय. कापड बाहेर जाणे व मद्य आत येणे ही एकाच व्यापाराची दोन अंगे होती. त्यांपैकी कापडाचा निर्देश तगरच्या नावानिशी मिळतो. मद्याचा निर्देश मात्र बंदरापाशीच थांबतो. बंदरापासून तगरपर्यंतचे अंतर कोणत्या पुराव्याने व किती खात्रीने भरून काढता येते, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

तगरची ओळख : ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत व शिलालेखांत अभिमानाने मिरवीत. त्यामुळे तगर नावाचे एक प्राचीन व प्रतिष्ठित नगर होते, हे अभ्यासकांना ठाऊक होते. परंतु त्याच्या स्थाननिश्चितीबाबत दीर्घकाळ मतभेद होते. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली. १९०१ मध्ये जे. एफ्. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर होय, असे प्रतिपादन केले व ते पुढे सर्वमान्य झाले. त्यानंतर अल्पावधीतच हेन्री कझिन्स यांनी तेर येथील अवशेषांची पाहणी केली. तेथील त्रिविक्रम मंदिर ही विटांची, गजपृष्ठाकार विधानाची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत त्यांनी मांडले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले व त्यानंतरही वेळोवेळी उत्खनने झाली. त्यांतून सातवाहनकालीन समृद्ध वस्तीचे दर्शन घडते. दुहेरी साच्यातून काढलेल्या केओलीन मातीच्या मूर्ती, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू, मणी इ. अवशेष तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जतन केलेले आहेत. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आहे. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. त्यामुळे दख्खनच्या कलापरंपरेशी नाते सांगणारी एक वस्तू त्यापूर्वी इटलीतील एका घरात पोहोचली होती, हे निश्चित होते. दख्खन व इटली यांच्यातील व्यापारसंबंधाचा इतका बोलका पुरावा क्वचितच आढळतो.

पेरिप्लसमधील माहिती : पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी हा इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीक भाषेत लिहिलेला ग्रंथ या व्यापाराचे प्रमुख साधन होय. त्याचा अज्ञात कर्ता ईजिप्तमधील व्यापारी असावा. बॅरिगाझा म्हणजे भडोच या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड, तर तगरहून मोठ्या प्रमाणावर साधे जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि मोलोखिना या नावाचे कापड भडोचला जाई. हा सर्व माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या दुर्गम प्रदेशातून नेला जाई, असेही त्याने नमूद केले आहे.

भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत द्राक्षमद्याचा उल्लेख अगदी आरंभी येतो. त्यात इटलीच्या मद्याला अधिक पसंती होती. त्याखेरीज सिरियातील लाओडिसीया येथील व अरबस्तानातील मद्यही येई. तांबे, कथील, शिसे, पोवळी, कच्ची काच, सुगंधी द्रव्ये व रोमन नाणी यांचाही त्या यादीत समावेश आहे. राजासाठी म्हणून जो खास माल आणला जाई, त्यात चांदीची भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उंची वस्त्रे आणि उत्तम प्रतीचे मद्य यांची नोंद आहे. मद्य हे सामान्य विक्रीच्या व राजोपयोगी अशा दोन्ही याद्यांत आलेले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. सिंधू नदीच्या मुखाजवळील बार्बरिकम व केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस येथेही मद्य जाई. परंतु ते फारसे नसे, असे ग्रंथकर्त्याने स्पष्ट म्हटले आहे. भडोचच्या बाबतीत त्याने अशी मर्यादा घातलेली नाही. भडोच हे मद्याचे मोठे गिऱ्हाईक होते आणि त्याच भडोचशी तगरचा कापडाचा व्यापार चाले.

कोकणातील कल्याण हे बंदर तगरला तुलनेने जवळचे होते. तथापि पेरिप्लसच्या काळात त्याच्या व्यापारावर निर्बंध होते व तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन व क्षत्रप यांच्यातील संघर्षाची ही छाया होय. साहजिकच तगरच्या मालाला लांबची वाट धरावी लागे.

मद्याचे स्वरूप व वाहतूक : रोमन लोक मद्य अँफोरा या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मृत्पात्रात भरीत. अँफोरा हे मापही असून ते सु. २६ लिटरांचे होते. पात्राला आतून राळेचा लेप दिला जाई. त्यामुळे मद्य पाझरत नसे आणि त्याला राळेचा वासही लागे. थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने मद्याचे पांढरे, पिंगट, रक्तवर्ण व काळे असे चार रंग सांगितले आहेत. इटलीतील प्रख्यात फलेर्नियन मद्याचे कोरडे, गोड व हलके असे तीन प्रकार असल्याचेही तो नमूद करतो. मद्यातील बहुतेक शर्करेचे आंबवणीत अल्कोहॉलमध्ये रूपांतर होऊन गोडी उरली नाही म्हणजे ते ‘कोरडे’ ठरते. कोरडे व गोड हा भेद अशा रीतीने दोन हजार वर्षांपूर्वीही ग्राहकांच्या परिचयाचा होता. मद्य पाणी मिसळून पिण्याची तेव्हा रीत होती.

ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत व नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने भारताच्या किनाऱ्याला लागत. समुद्रप्रवास संपल्यावर भडोच ते तगर हा तीस दिवसांचा खुष्कीचा मार्ग उरे. मातीची जड व ठिसूळ पात्रे बैलगाड्यांतून इतक्या दूर आणण्याचा खर्च व वाटेतील नासधूस विचारात घेता, पठारावर पोहोचणारे मद्य अल्प व महाग असणार, हे उघड आहे. ते राजपुरुष, धनिक श्रेष्ठी व परदेशी व्यापारी यांच्यापुरतेच मर्यादित राहिले असावे. ज्या विणकरांच्या कापडाने या व्यापाराचा पाया घातला, त्यांच्या वाट्याला हे पेय आले असेल असे मानण्यास आधार नाही. दुसऱ्या टोकाला रोममध्येही या व्यापाराबद्दल असंतोष होता. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. मद्याची निर्यात ही तूट अंशतःच भरून काढू शकत होती.

पुरातत्त्वीय पुरावा व त्याचे पुनर्मूल्यमापन : पाँडिचेरीजवळील अरिकामेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात अँफोरांचे अनेक तुकडे मिळाले. त्यानंतर भारतात जेथे जेथे जाड, परदेशी वाटणाऱ्या कुंभांचे तुकडे सापडले, तेथे त्यांना ‘रोमन अँफोरा’ म्हणण्याचा प्रघात पडला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननात अशा पात्रांचे अवशेष मिळाले. मुंबईजवळील घारापुरी बेटावरही ते आढळले. या तुकड्यांवरून दख्खनमध्ये रोमन मद्याचा सर्वत्र प्रसार झाला होता, असे चित्र रंगविले गेले.

पुढील संशोधनाने या चित्रात महत्त्वाची दुरुस्ती केली. रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातील अनेक संग्रहांची फेरतपासणी करून २००७ मध्ये असे दाखवून दिले, की रोमन समजल्या गेलेल्या तुकड्यांपैकी बरेच तुकडे वस्तुतः मेसोपोटेमिया व इराणच्या परिसरातील ‘टॉर्पेडो’ कुंभांचे आहेत. या कुंभांना कान नसतात; ते लांबट असून त्यांचे बूड निमुळते असते व आतून डांबराचा लेप असतो. त्यांचा काळ मुख्यत्वे सासानी व आरंभीचा इस्लामी, म्हणजे रोमन व्यापाराच्या भरभराटीनंतरचा आहे. याउलट इटलीच्या कॅंपेनिया भागातील अँफोरांच्या मातीत ज्वालामुखीजन्य काळे कण असतात व त्यावरून ते ओळखता येतात.

या दुरुस्तीमुळे दख्खनमधील मद्यव्यापाराचा पुरावा नाहीसा होत नाही. तो कालदृष्ट्या विभागला जातो. पहिल्या-दुसऱ्या शतकांत भूमध्य समुद्राकडून व तिसऱ्या-चौथ्या शतकांनंतर इराणच्या आखाताकडून, असे आयातीचे दोन टप्पे दिसू लागतात. टॉर्पेडो कुंभांतूनही मुख्यतः मद्य येत असावे, असे मानले जाते. अजिंठा येथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर (इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) परदेशी वेषातील पुरुष हाती चषक घेऊन बसलेला व सेवक त्याला पेय देत असलेले रंगविले आहेत. इराणी वळणाच्या या वेषभूषेचा त्या काळातील आखाती व्यापाराशी सहज मेळ बसतो. तगरपुरते बोलायचे, तर मद्य तेथवर पोहोचले असावे हे अनुमान बंदरातील आयात, तगरचा बंदराशी असलेला नित्य संबंध व नगराची संपन्नता या तीन गोष्टींवर उभे आहे. ते बळकट अनुमान आहे. परंतु मातीचा एखादा तुकडा परदेशी दिसतो एवढ्यावरून तो रोमन मद्याचा साक्षीदार मानणे यापुढे शक्य नाही.

भारतीय वाङ्मयातील द्राक्षमद्य व उपदंश : द्राक्षमद्य भारतीयांना केवळ परदेशी व्यापाऱ्यांमुळे माहीत झाले, असे नाही. पाणिनीला कापिशी हे नगर व त्यावरून साधलेले ‘कापिशायन’ हे मद्यवाचक विशेषण ज्ञात होते. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर होय. कौटिलीय अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ असे नाव असून उत्पत्तिस्थानावरून त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार सांगितले आहेत. ही दोन्ही नावे वायव्येकडील आहेत. दख्खनचा रहिवासी गूळ, मोहाची फुले, पिष्ट इत्यादींपासून मद्य करी. द्राक्षाचे मद्य त्याला बाहेरूनच आणावे लागे.

मद्याबरोबर तोंडी लावण्याच्या पदार्थांना संस्कृतात ‘उपदंश’ म्हणतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात आपानकाचे, म्हणजे मद्यपानाच्या बैठकीचे, वर्णन आहे. तीत मधु, मैरेय, सुरा व आसव यांच्या जोडीला खारट पदार्थ, फळे, हिरव्या भाज्या तसेच कडू, तिखट व आंबट उपदंश द्यावेत, असे सांगितले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्ययविषयक अध्यायात मद्य व आहार यांचा मेळ पिणाऱ्याच्या प्रकृतीनुसार घातला आहे. वातप्रकृतीच्या व्यक्तीस गुळाचे व पिष्टाचे मद्य, तर कफ व पित्त अधिक असणाऱ्यास द्राक्षाचे व मधाचे मद्य हितकर मानले आहे. पित्तप्रकृतीच्या माणसाने मद्याबरोबर मधुर, स्निग्ध व शीत आहार घ्यावा. कफप्रकृतीच्या माणसाने जव-गव्हाचे अन्न व मिरी घातलेले जांगल मांस घ्यावे, असा त्याचा आशय आहे. कोणते मद्य कोणत्या अन्नाशी जुळते, हा विचार अशा रीतीने भारतीय परंपरेतही होता. मात्र त्याचा निकष केवळ रुची नसून प्रकृती हा होता.

येथे एक ऐतिहासिक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आज मराठवाड्याच्या स्वयंपाकात तिखटपणा मिरचीने येतो. परंतु मिरची ही मूळची अमेरिकेतील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, सोळाव्या शतकात, ती भारतात आली. तगरच्या भरभराटीच्या काळात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी व आले वापरीत. अल्कोहॉलमुळे मिरचीचा दाह वाढतो. म्हणून त्या काळच्या उपदंशांची सांगड आजच्या तिखट रश्शाशी घालणे युक्त ठरणार नाही.

ऱ्हाईन-मोझेलशी तुलना : रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या सीमेवर याच मद्याचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. ऱ्हाईन व मोझेल या नद्यांच्या खोऱ्यांतही आरंभी मद्य कुंभांतून व पिंपांतून येत असे. पण तेथे रोमनांनी द्राक्षाची लागवडच केली. नोयमागेन येथील मद्यवाहू नौकेचे शिल्प (सु. इ. स. २२०), कवी ऑसोनिअस याने चौथ्या शतकात केलेले मोझेलकाठच्या द्राक्षमळ्यांचे वर्णन आणि पीस्पोर्ट येथे १९८५ मध्ये उजेडात आलेले रोमन रसगाळप-केंद्र ही त्याची प्रमाणे होत. पुढे याच प्रदेशात पांढऱ्या मद्याची परंपरा दृढ झाली. तेथील रीसलिंग या द्राक्षजातीचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख १४३५ मध्ये र्‍यूसेल्सहाइम येथील हिशेबात सापडतो. थंड हवेत सावकाश पिकल्याने या द्राक्षातील आम्लता टिकून राहते. जर्मनीत ‘ट्रॉकन’, म्हणजे कोरडे, असे लिहिलेल्या मद्यात दर लिटरमागे शर्करा ४ ग्रॅमपर्यंत, आणि आम्लता त्या प्रमाणात पुरेशी असल्यास ९ ग्रॅमपर्यंत, असू शकते.

अशा कोरड्या, आम्लयुक्त मद्याबरोबर गोड्या पाण्यातील मासे, डुकराचे मांस, कोंबडी व शतावरीवर्गीय भाजीचे कोवळे कोंब खाण्याची तेथे प्रथा आहे. त्यामागील कारण साधे आहे. आम्लामुळे स्निग्धपणा जड वाटत नाही व खारट चव सौम्य होते. आपल्याकडे तळलेल्या माशावर लिंबू पिळतात, ते याच कारणाने. तिखट पदार्थांना मात्र कमी अल्कोहॉलचे व किंचित गोडी राखलेले मद्य अधिक मानवते. कामसूत्रातील खारट व आंबट उपदंशांची निवड आणि चरकातील स्निग्ध आहाराचा विचार यांच्याशी ताडून पाहता, दूरच्या दोन समाजांनी अनुभवातून काही समान गोष्टी हेरल्या होत्या असे दिसते.

दख्खनमधील द्राक्षवेल : ऱ्हाईनकाठी जे घडले, ते तेरणेकाठी तेव्हा का घडले नाही, याचे एक प्रमुख कारण हवामानात आहे. समशीतोष्ण प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते व वसंतात नव्याने फुटते. दख्खनच्या उबदार हवेत तिला अशी विश्रांती मिळत नाही. ती वर्षभर वाढत राहते. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी गोडी छाटणी. पीक जानेवारी ते मार्चच्या सुमारास, पावसाळा टाळून, हाती येते. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख करून त्यांना वर्षातून दोनदा फळे येतात असे लिहिले, त्यामागे वेलीचा हाच स्वभाव दिसतो. छाटणीने वेलीला शिस्त लावण्याचे तंत्र रूढ झाल्यावरच दख्खनमध्ये द्राक्षाची किफायतशीर शेती शक्य झाली.

विसाव्या शतकात नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत थॉम्सन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका इ. जातींची लागवड वाढली. धाराशिव जिल्ह्यातही द्राक्षबागा उभ्या राहिल्या असून त्यांतील पीक मुख्यत्वे खाण्याच्या द्राक्षांचे असते. मद्यनिर्मितीला १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे व १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून नाशिक परिसरात चालना मिळाली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे वाइन उद्याने उभारली गेली. नाशिक परिसरात शेनँ ब्लाँ, सोव्हीन्याँ ब्लाँ व थोड्या प्रमाणात रीसलिंग या जातींपासून पांढरी मद्ये तयार होतात. उष्ण दिवसांमुळे फळात शर्करा लवकर वाढते व आम्लता घटते. म्हणून तोडणीची वेळ अचूक साधणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

समारोप : तगरच्या इतिहासात द्राक्षमद्य हे समृद्धीचे कारण नसून तिचे एक चिन्ह आहे. नगर उभे राहिले ते कापसावर, विणकरांच्या कौशल्यावर व गाडीवाटांवर. मद्य हे त्याच्या मोबदल्यात आलेल्या अनेक वस्तूंपैकी एक होते आणि ते थोड्यांच्या उपभोगाचे होते. तरीही परदेशी वस्तूंची झळाळी अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधून घेते व स्थानिक श्रमाचा पुरावा मागे पडतो. कापड कुजून नष्ट होते, मातीचा कुंभ मात्र टिकतो. त्यामुळे उत्खननात घेणाऱ्याची खूण सापडते, देणाऱ्याची सहसा सापडत नाही. तेरच्या बाबतीत एका ग्रीक व्यापाऱ्याने देणाऱ्याची नोंद ठेवली, हे त्या नगराचे भाग्य होय. पुढे मध्ययुगात तेर ही संत गोरा कुंभार यांची भूमी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली. प्राचीन तगरचा शोध आज पुन्हा मातीच्या भांड्यांच्याच आधारे चालू आहे आणि त्या भांड्यांची माती, लेप व घडण जितकी बारकाईने तपासली जाईल, तितके या व्यापाराचे चित्र अधिक स्पष्ट होत जाईल.